ट्रंकेतली कार्डं, कपाटातल्या फ्लॉप्या: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो होतो, की माझ्या नोकरीच्या सुरुवातीला नागपूरच्या कचेरीत कॉम्प्युटरला काही सांगायचं म्हणजे पुठ्ठ्यासारख्या जाड कार्डाला भोकं पाडावी लागायची. तेवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं अन् मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर मी त्यालाच देऊन राहिलो. सोलर पंपाच्या अर्जाचे अन् पीक विम्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, कोणी राग मानू नका.

प्रश्न (दारव्हा तालुक्यातली एक कॉलेजची विद्यार्थिनी): काकाजी, आमचे आजोबा मागच्या वर्षी गेले. त्यांची ट्रंक आता उघडली तर त्यात जाड कागदाची कार्डं निघाली, रबर लावून बांधलेली. त्यांना बारीक बारीक चौकोनी भोकं आहेत अन् एक कोपरा तिरपा कापलेला आहे. आई म्हणते चुलीत टाक, मले वाटते काही तरी कामाचं असन. काय होय हे?

उत्तर: बेटा, चुलीत टाकू नको, ती पंच कार्डं आहेत. म्हणजे आजोबा कधी तरी हिशोबाच्या नाही तर आकडेवारीच्या कचेरीत असतील, नाही तर तिथून कोणी कोरी समजून पाठीमागे लिहायला आणली असतील, तेव्हा लोक किराण्याची यादीसुद्धा त्याच्यावरच करायचे. ते कार्ड तुला स्वतःला वाचता येतं, कसं ते सांगतो.

कार्ड आडवं धर, कापलेला कोपरा डाव्या हाताला वर येऊ दे. बहुतेक कार्डावर ० ते ९ आकड्यांच्या ओळी छापलेल्या दिसतील अन् त्याच्यावर दोन ओळींची जागा कोरी असेल, म्हणजे झाल्या १२ ओळी. उभे रकाने ८०. एका रकान्यात एकच अक्षर बसतं, म्हणून एका कार्डात फार तर ८० अक्षरं, आपल्या मोबाइलवरच्या छोट्याशा मेसेजएवढी. रकान्यात एकच भोक असेल तर तो आकडा, ५ च्या ओळीत भोक म्हणजे ५. दोन भोकं असतील तर इंग्रजी अक्षर, एक वरच्या तीन ओळींपैकी कुठेतरी अन् दुसरं खाली आकड्यात. सगळ्यात वरची ओळ अन् १ म्हणजे ए, तीच वरची ओळ अन् २ म्हणजे बी, असं. उजेडासमोर धरून एक एक रकाना वहीत उतरवत जा, अर्ध्या तासात एक कार्ड होईल. अन् उजव्या कडेला छोटीशी खाच दिसते का तेही बघ. दिसली तर ते कार्ड तपासलेलं आहे असं समज. आम्ही एकाने पंच केलं की तोच कागद दुसऱ्याकडे जायचा, तो दुसऱ्या मशीनवर तेच सगळं परत टाइप करायचा, ते मशीन भोक पाडत नव्हतं, फक्त जुळते का ते बघायचं अन् पूर्ण कार्ड जुळलं तरच उजव्या कडेला खाच मारायचं. एकेका आकड्यासाठी दोन माणसं.

ही कल्पना हर्मन हॉलेरिथ नावाच्या अमेरिकन माणसाची. त्यांच्याकडे १८८० ची जनगणना मोजता मोजता सात-आठ वर्षं गेली, पुढची आली तरी आधीची संपत नाही अशी गत झाली होती. हॉलेरिथने रेल्वेत पाहिलं होतं की कंडक्टर तिकिटाला ठरावीक जागी भोकं पाडतो अन् त्यावरून प्रवासी कसा दिसतो ते कळतं, केस काळे का भुरे, म्हणजे एकाच्या तिकिटावर दुसऱ्याला जाता येणार नाही. आपल्या एसटीतला कंडक्टर टिक टिक करत तिकिटाला चिमटा मारायचा ते तुझ्या आईला आठवत असेल, साधारण तसंच. हॉलेरिथने माणसामागे एक कार्ड केलं अन् १८९० च्या जनगणनेत ते वापरलं. कार्डावर पिनांची फळी दाबायची, जिथे भोक असेल तिथून पिन खाली पाऱ्याच्या वाटीत बुडायची, करंट चालू व्हायचा अन् समोरच्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे जायचा. सहा कोटींच्या वर माणसं होती, तरी लोकसंख्येचा ढोबळ आकडा काही आठवड्यांत निघाला. त्याचीच कंपनी दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांत मिसळून पुढे १९२४ मध्ये आयबीएम झाली, अन् तुझ्याकडे आहे तसं चौकोनी भोकांचं ८० रकान्यांचं कार्ड १९२८ मध्ये आलं.

आता खरी गंमत कार्डं लावण्याची, हे मी हाताने केलेलं काम आहे म्हणून जरा लांबवतो. समजा हजार कार्डं आहेत अन् गावाच्या तीन आकडी नंबराप्रमाणे लावायची आहेत. सॉर्टर नावाचं लांब मशीन असायचं, त्याला ओळीने खण, बारा ओळींचे बारा अन् चुकलेल्या कार्डांचा तेरावा. ते एका वेळी एकच रकाना बघायचं. नवीन माणसाला वाटतं आधी शतकाने लावावं, पण तसं केलं की ढीग फुटत फुटत जातात. आम्ही उलटं करायचो, आधी एकम स्थान लावायचं, खणातले ढीग ० पासून ९ पर्यंत क्रमाने एकावर एक ठेवायचे, मग तोच गठ्ठा दशमाने, मग शतकाने. तीन फेऱ्यांत हजारच्या हजार कार्डं बरोब्बर ओळीत येतात, एकही इकडचं तिकडे होत नाही. पत्त्यांच्या कॅटवर तीन आकडी नंबर लिहून घरी करून बघ, पहिल्यांदा जमलं की अंगावर काटा येतो.

अन् कार्डं पडली की काय होतं तेही सांगतो. १९८१ चा पावसाळा, हवा दमट असली की कार्डं फुगतात अन् मशीनमध्ये अडकतात, म्हणून गठ्ठे वरच्या मजल्यावर कोरड्या खोलीत नेत होतो, एका पेटीत २००० कार्डं. जिन्यात पाय घसरला, पेटी हातातून सुटली अन् खालपर्यंत कार्डंच कार्डं. आमच्यात शेवटच्या आठ रकान्यांत अनुक्रम नंबर मारायची पद्धत होती, त्या गठ्ठ्यावर मी तो मारला नव्हता, काम घाईचं होतं. दोन रात्री बसून मूळ कागदांशी एक एक कार्ड जुळवलं. त्याच्यानंतर मी गठ्ठा बांधला की त्याच्या वरच्या अंगावर पेन्सिलने एक तिरपी रेघ ओढायचो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कार्ड मागे-पुढे झालं की रेघ तुटलेली लगेच दिसते. तुझ्या गठ्ठ्यावर तशी रेघ असली तर मला जरूर कळव.

प्रश्न (आर्वीकडचे एक जिल्हा परिषद शिक्षक): सातवीच्या वर्गात मी सांगितलं की पहिल्या हार्ड डिस्कमध्ये फक्त पाच एमबी मावायचे. तर एक पोट्टा उभा राहिला, म्हणे सर, टेप तर त्याच्या आधीपासून होती अन् टेपमध्ये हवं तेवढं मावते, मग डिस्क काहून बनवली? मला नीट सांगता आलं नाही.

उत्तर: गुरुजी, त्या पोराच्या पाठीवर माझ्याकडून थाप मारा. त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे, जागा किती अन् सापडते किती लवकर या दोन गोष्टी येगळ्या आहेत.

वर्गात हे कॅसेटने दाखवा, कोणाच्या तरी घरी तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची कॅसेट अजून असेलच. सातवं भजन ऐकायचं असलं तर आधीची सहा ओलांडूनच जावं लागतं, गुंडाळा, थांबा, ऐका, पुढे गेलं, परत मागे घ्या. कॉम्प्युटरची टेपही तशीच. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर मिळाला त्याची टेप तर चक्क धातूची पट्टी होती, १९५२ मध्ये आयबीएमने प्लॅस्टिकची आणली, अर्धा इंच रुंद. नंतर नंतर एका रिळाची लांबी २४०० फूट ठरून गेली. सेकंदाला ७५ इंच धावली तरी या टोकाहून त्या टोकाला जायला सहा मिनिटांच्या वर लागतात, पोरांना गुणाकार-भागाकार करायला लावा. एवढी पट्टी झटक्यात चालू-बंद केली की तुटणारच, म्हणून मशीनच्या दोन बाजूंना उभे कप्पे असायचे, त्यातली हवा ओढून घ्यायचे अन् पट्टीचा सैल झोळ त्यात लोंबत राहायचा, झटका तो झोळ खाऊन टाकायचा. जुन्या सिनेमात कॉम्प्युटर म्हणून ज्या चक्र्या थांबत थांबत फिरताना दिसतात त्या याच.

मग टेपवर काम करायचं कसं, तर एका माणसाचं खातं मधूनच काढायचं नाहीच. दिवसभराच्या सगळ्या पावत्या जमा करायच्या, खाते नंबराने लावायच्या, अन् रात्री जुनी टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत वाचत शेजारी नवी टेप लिहीत जायची, ज्याच्या पावत्या असतील त्याची बाकी बदलायची, बाकीचे जसेच्या तसे. यातून एक फार चांगली सवय लागली. आजची टेप म्हणजे लेक, कालची बाप, परवाची आजा. लेकाला काही झालं तर बाप अन् त्याच्यानंतरच्या दिवसाच्या पावत्या घेऊन लेक परत तयार करता येतो, बापालाही झालं तर आजा आहे. तीन पिढ्या ठेवल्याशिवाय कोणतीही टेप पुसायची नाही असा नियमच होता. आमच्याकडे आजाची टेप दुसऱ्या इमारतीत असायची, आग लागली तर तिन्ही पिढ्या एकदम जाऊ नये म्हणून.

पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे अन् विचारते माझी बाकी किती, त्याला रात्रीपर्यंत थांब म्हणता येत नाही. डिस्क त्याच्यासाठी आली. १९५६ मध्ये आयबीएमचं रॅमॅक नावाचं मशीन निघालं, कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन अन् त्यांच्या माणसांनी बनवलं. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर, मिनिटाला १२०० फेऱ्या, अन् वजन एक टनाच्या आसपास. एक हात वर-खाली सरकून पाहिजे त्या तबकडीपाशी जायचा अन् मग आत शिरायचा. मावायची ५० लाख अक्षरं, आज मोबाइलवर एक चांगला फोटो काढला तरी तेवढं भरते. पण त्या ५० लाखांतलं कुठलंही अक्षर एका सेकंदाच्या आत हाती यायचं! टेपची सहा मिनिटं अन् हा एक सेकंद, त्या पोराला फळ्यावर एवढं लिहून दाखवा. टेप मात्र संपली नाही हेही सांगा, मोठमोठ्या ठिकाणी जुना साठा आजही टेपवरच ठेवतात, कारण तिथे घाई नसते.

प्रश्न (मोहाडी तालुक्यातले एक विणकर): आमच्या घरी तीन पिढ्या करवतकाठी विणते. पोरगा मोबाइलवर पाहून म्हणाला की कॉम्प्युटरची मेमरी आधी बाया हातानं विणत होत्या. खरं हाय का भाऊ, का नुसतंच सांगतात?

उत्तर: भाऊ, शंभर टक्के खरं आहे. फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाच्या बारीक कड्या असायच्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या म्हणा ना. त्यांच्यातून तांब्याच्या तारा उभ्या-आडव्या ओवायच्या, ताणा-बाणा असतो तशाच. एका कडीतून एक उभी अन् एक आडवी तार गेलेली, दोन्हीत अर्धा अर्धा करंट सोडला की फक्त ज्या कडीत दोन्ही तारा भेटतात त्याच कडीतलं चुंबकत्व उजवीकडून डावीकडे पलटते, बाकीच्या जागच्या जागी. उजवीकडे म्हणजे शून्य, डावीकडे म्हणजे एक. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जे फॉरेस्टर यांनी १९५३ मध्ये व्हर्लविंड नावाच्या कॉम्प्युटरला ही मेमरी लावली, त्याच्या आधी अँ वांग यांनीही कड्यांवर काम केलं होतं. पुढची वीसेक वर्षं सगळीकडे हीच. लाइन गेली तरी कडी आहे तशीच राहायची, काही विसरायची नाही. फक्त वाचली की ती पुसली जायची, म्हणून मशीन वाचलं की लगेच परत लिहून ठेवायचं.

अन् चंद्रावर माणूस गेला त्या अपोलोच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम तर अक्षरशः विणलेला होता. तार कडीच्या आतून नेली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑनच्या कारखान्यात बाया समोरासमोर बसून सुई इकडून तिकडे देत तो विणायच्या, ३६,८६४ शब्दांचा. विणल्यावर चूक निघाली तर उसवावं लागायचं, ते किती जिवावर येतं ते मी तुम्हाला काय सांगू.

त्याच्या आधीची गोष्ट अशी की कार्डाला भोकं पाडायची अक्कलच मुळी मागावरून आली. फ्रान्समध्ये जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमाराला मागावर भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ बसवली, भोक असलं की तो धागा उचलायचा, नसलं की नाही, अन् नक्षी आपोआप उतरायची. तुम्ही तीन धोटे घेऊन काठाचे दात जुळवता ते मात्र कोणत्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं नाही, ते तुमच्या हातात आहे.

प्रश्न (वणीहून एक ताई): लग्नाचे फोटो, व्हिडिओ सगळे एका पेन ड्राइव्हमध्ये आहेत अन् तो लॉकरमध्ये ठेवला आहे. सेफ आहे ना?

उत्तर: ताई, नाही. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की त्यातला चार्ज हळूहळू कमी होत जातो, एक दिवस लावाल अन् फॉरमॅट करा म्हणेल. या आठवड्यातच एका हार्ड डिस्कवर कॉपी घ्या, दुसरी कॉपी माहेरी ठेवा, अन् वर्षातून एकदा दोन्ही उघडून बघा. आजा-बाप-लेकाचं वर लिहिलं आहे ते वाचा.

प्रश्न (मेहकरजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयाचे सचिव): आमच्या वाचनालयात सुमारे १९९७ मध्ये एका मुलाने सगळ्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर केली होती. त्याच्या नऊ फ्लॉप्या कपाटात आहेत, सहा छोट्या कडक अन् तीन मोठ्या लवचिक. मूळ रजिस्टरला वाळवी लागली. एका फ्लॉपीतली फाइल तालुक्याच्या दुकानात कशी तरी उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, अर्थ काहीच नाही. दुकानदार म्हणतो खराब झाली, टाकून द्या. काय करावं?

उत्तर: साहेब, टाकू नका! तुमची फाइल खराब झालेली नाही असं मला खात्रीने वाटते. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, अन् दोन्ही वाटतात तेवढे अवघड नाहीत.

आधी फ्लॉपी. फ्लॉपी पहिल्यांदा १९७१ मध्ये आयबीएमने आणली, आठ इंचाची, ताटलीएवढी. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली, ती तुमची लवचिक. कडक ती साडेतीन इंची. आतमध्ये कॅसेटच्या टेपसारखाच मसाला लावलेली पातळ चकती असते. छोट्या फ्लॉपीत एका बाजूला ८० गोल पट्टे, प्रत्येक पट्ट्यात १८ तुकडे, तुकड्यात ५१२ अक्षरं, बाजू दोन, गुणाकार करा, १४,७४,५६० येतात, त्यालाच आपण १.४४ एमबी म्हणत होतो. तुमच्या वाचनालयाची दहा-पंधरा हजार पुस्तकांची यादी त्यात आरामात बसते.

छोट्या सहांसाठी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, तो घ्या. लावायच्या आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी सरकवून उघडी करा, म्हणजे आरपार दिसलं पाहिजे, तशी असली की कॉम्प्युटरला तिच्यावर काही लिहिता येत नाही. धातूची पट्टी हळूच सरकवून चकती बघा, पांढुरकी बुरशी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, तिच्यामुळे ड्राइव्हही खराब होतो अन् पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही घासल्या जातात. चांगली असली तर फाइल तिथल्या तिथे उघडायची नाही, आधी सगळं कॉपी करायचं अन् कॉपीवरच काम करायचं. मोठ्या तीनसाठी असा सोपा ड्राइव्ह नाही, जुना कॉम्प्युटर शोधावा लागेल, एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या अडगळीत विचारून बघा. त्यांना कडेला खाच असते, ती चिकटपट्टीने झाकली की त्या लिहिण्यापासून सुरक्षित. छोटीत खिडकी उघडी पाहिजे अन् मोठीत खाच झाकलेली पाहिजे, उलटं आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

आता अक्षरांचं. त्या काळात साध्या विंडोजला मराठी येतच नव्हती. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने जिस्ट कार्ड केलं होतं, ते कॉम्प्युटरमध्ये बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची, १९९१ मध्ये इस्की नावाचं भारतीय मानकही ठरलं. पण डीटीपीवाले अन् गावोगावचे टायपिंगवाले फॉन्टवर काम करायचे. फॉन्ट म्हणजे काय तर आतमध्ये इंग्रजी अक्षरच साठवलेलं, फक्त त्याचं चित्र मराठी काढलेलं. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये क हवा असला तर इंग्रजी डी दाबायचा, म साठी ई, ल साठी वाय. कमल लिहिलं की फाइलमध्ये डी-ई-वाय जाते. तुमच्या दुकानात तो फॉन्ट नव्हता म्हणून कॉम्प्युटरने डी-ई-वाय दाखवलं, अन् ते बिचाऱ्याला खराब वाटलं. तुमच्याकडे नेमका कोणता फॉन्ट होता ते त्या मुलाला विचारा, तो आता कुठेही असला तरी फोनवर सांगेल. फॉन्ट कळला की युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसते त्या आजच्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत.

बदलल्यावर एक जण बसून वाचून घ्याच, कारण वेलांटी दगा देते. फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप व्हायची अन् अक्षर मागून, टाइपरायटरसारखं. युनिकोडमध्ये आधी क अन् मग वेलांटी. दिसायला दोन्हीकडे कि सारखाच दिसतो, पण आतला क्रम उलटा असला तर किरण शोधा म्हटलं की एकही किरण सापडणार नाही. जोडाक्षरं अन् रफारही तपासा. शंभर नावं तपासली की चुका कोणत्या जातीच्या आहेत ते कळेल, मग एकेक जात एकदमच दुरुस्त करता येते. या कामाला आठ दिवस लागतील, पण वाळवीने खाल्लेलं रजिस्टर दुसरीकडून कुठून येणार आहे. काही अडलं तर अंकाच्या पत्त्यावर लिहा, मी स्वतः उत्तर देईन.

प्रश्न (अंजनगाव सुर्जीकडचे एक शेतकरी): सातबारा ऑनलाइन पाह्यतो तर भावाचं नाव टाकलं की निघते, माझं निघत नाही. वावर एकाच गावात हाय. पहिले तलाठी पाच मिनिटात काढून देत होता. हे मशीन लाखो लोकाईतून शोधते तरी कसं, अन् मीच काहून सापडत नाही?

उत्तर: भाऊ, आधी तलाठ्याच्या दप्तराचंच बघू, कारण तेही शोधायचंच एक यंत्र होतं अन् फार हुशारीने बांधलेलं. गाव नमुना ७ अन् १२ लावलेले असतात जमिनीच्या नंबराप्रमाणे. तुम्हाला नंबर माहीत असला तर सरळ पान. पण माणूस येऊन म्हणते माझं वावर दाखवा, नंबर माहीत नाही, तर त्याच्यासाठी ८-अ, ते खातेदाराप्रमाणे लावलेलं, एका खात्यात कोणकोणते नंबर आहेत ते त्यात. अन् कोणाचं नाव कसं चढलं ते नमुना ६ मध्ये, फेरफारात. जमीन एकच, दारं तीन.

कॉम्प्युटरनेही हेच शिकून घेतलं. नावं क्रमाने लावलेली असली की मधलं पान उघडायचं, आपलं नाव आधी का नंतर ते बघायचं, अर्धं सोडायचं, उरलेल्याचं परत मधलं पान. एक लाख नावं असली तरी १७ वेळा पान उलटलं की सापडतेच. त्याहून वेगळी युक्ती आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये लिहून ठेवली होती. नंबरावरूनच एक छोटा हिशोब करून खण ठरवायचा. समजा शंभर खणांचं लाकडी रॅक आहे अन् ज्याच्या नंबराच्या शेवटी ४७ त्याचा कागद ४७ च्या खणात, शोधायची गरजच नाही, हात सरळ तिथेच जातो. मग १९७० मध्ये एडगर कॉड यांनी सांगितलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, अन् विचारणाऱ्याने फक्त काय पाहिजे ते सांगावं, कुठे ठेवलं अन् कोणत्या वाटेने जायचं ते मशीन बघेल. त्याच्या आधी प्रोग्राम लिहिणाऱ्याला आतल्या गल्ल्या-बोळा पाठ असाव्या लागायच्या. आज तुम्ही मोबाइलवर आडनाव टाकून सातबारा मागता त्याच्या मुळाशी कॉड यांचा तो विचार आहे.

आता तुम्ही काहून सापडत नाही. तुम्ही आडनाव वानखडे लिहिलं आहे. माझी शंका आहे की दप्तरात एका भावाचं वानखडे चढलं अन् दुसऱ्याचं वानखेडे. आपल्या भागात दोन्ही चालतात, माणूस ऐकून समजून घेतो, तलाठी तर चेहरा पाहून समजून घ्यायचा. मशीन एक मात्रासुद्धा माफ करत नाही. माझ्या स्वतःच्या नावातला एक ऱ्हस्व उकार एका कागदावर दीर्घ झाला होता अन् ते सुधारायला मला सात चकरा माराव्या लागल्या, त्यातल्या तीन चकरा नुसतं हे पटवून देण्यात गेल्या की दोन्ही माणसं मीच. म्हणून या विषयावर मी जरा तापतो. कारण यावर उपाय फार जुना आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्येच साउंडेक्सचं पेटंट घेतलं होतं. पहिलं अक्षर ठेवायचं, बाकीचे स्वर काढून टाकायचे, अन् सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. आपल्या नावाला लावा, वानखडे अन् वानखेडे दोन्हीचं व-न-ख-ड एवढंच उरते, दोघं एकाच खणात येतात. ल अन् ळ, स अन् श यांनाही एकत्र ठेवता येते. शंभर वर्षांपूर्वी कागदी कार्डांवर जे होत होतं ते मराठी नावांसाठी प्रत्येक सरकारी शोधपेटीत असायलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे अन् मी ते लिहीत राहणार.

तोपर्यंत तुम्ही असं करा. नावाने शोधू नका, गट नंबराने शोधा. नंबर माहीत नसला तर भावाच्या सातबाऱ्यावरचा नंबर घ्या, वाटणी झाली असली तर तुमचा तुकडा त्याच नंबराच्या पोटात, नाही तर शेजारच्या नंबरात निघेल. नाव सापडलं की जसं लिहिलं आहे तसंच, काना-मात्रा धरून, वहीत उतरवा अन् आधार कार्डाशी ताडून बघा. फरक असला तर जुना फेरफार अन् आधाराची झेरॉक्स घेऊन तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, अन् अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.